लिहिलेले खरोखर लिहिले गेले का?

शाळेच्या संगणकावर आपण निकालपत्रक तयार करतो, शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण भरतो, 'सेव्ह'चे बटण दाबतो आणि निश्चिंत होतो. पडद्यावर काही तक्रार उमटली नाही म्हणजे काम झाले, अशी आपली समजूत असते. पण त्या क्षणी ते गुण नेमके कोठे असतात? 'डिस्कवर', असे उत्तर बहुतेक जण देतील. खरी गोष्ट अशी की पुष्कळदा ते अजून डिस्कपर्यंत पोचलेलेच नसतात. संगणकाच्या स्मृतीत ते आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. पाळी आल्यावर डिस्कने ते लिहून घेण्यास नकार दिला, तर काय होते? आणि तो नकार आपल्यापर्यंत पोचतो का?

वरवर साधा दिसणारा हा प्रश्न किती अवघड आहे, हे २०१८ साली जगभरच्या तज्ज्ञांच्या ध्यानात आले. बँका, रुग्णालये, रेल्वे, शाळा या साऱ्यांच्या नोंदी ज्या प्रकारच्या आज्ञावल्यांवर विसंबून असतात, त्यांतल्या एका नामांकित आज्ञावलीने सुमारे दोन दशके एक चुकीचे गृहीत धरले होते. ते गृहीत कोणते, ते चुकीचे का ठरले आणि त्यातून कोणता धडा मिळाला, ते या लेखात पाहू.

स्मृती चपळ, डिस्क संथ

संगणकात माहिती ठेवण्याच्या मुख्य जागा दोन. एक मुख्य स्मृती, म्हणजे रॅम. ती अतिशय चपळ असते, पण वीज गेली की कोरी होते. दुसरी डिस्क. ती वीज गेल्यावरही माहिती राखते, पण संथ असते. किती संथ, याचे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनाही करता येईल.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरत असतात. त्यांचा वेग मिनिटाला ७,२०० फेरे असेल तर सेकंदाला १२० फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. लिहिण्याची नेमकी जागा लेखनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी लेखनशीर्ष योग्य त्या वर्तुळावर सरकायला हवे. त्यासाठी ८ मिलिसेकंद धरले तर एका लेखनाला एकूण १२ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. रॅममध्ये हेच काम साधारण १०० नॅनोसेकंदांत होते. भागाकार करून पाहा: फरक लाखाहून अधिक पटींचा आहे. फिरती तबकडी नसलेल्या अलीकडच्या एसएसडी डिस्का बऱ्याच वेगवान असतात, तरीही त्या रॅमच्या मानाने शेकडो पट मंदच.

प्रत्येक लेखनासाठी आज्ञावलीला डिस्कची वाट पाहायला लावली, तर संगणक जागच्या जागी खोळंबून राहील. म्हणून १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सपासूनच एक युक्ती रूढ झाली आहे. आज्ञावलीने 'हे लिही' म्हटले की ऑपरेटिंग सिस्टिम तो मजकूर रॅममध्ये उतरवून घेते, लगेच 'झाले' म्हणते, आणि डिस्कवर लिहिण्याचे काम सवडीने करते.

एका कार्यालयाची कल्पना करू. मुख्याध्यापक पत्र लिहून कारकुनाकडे देतात. कारकून ते जावक ट्रेमध्ये ठेवतो आणि म्हणतो, "झालं, सर." पत्र अजून तालुक्याच्या कार्यालयात गेलेले नाही, पण मुख्याध्यापक पुढच्या कामाला लागू शकतात. दुपारी शिपाई ट्रेमधली सगळी पत्रे एकदम घेऊन जातो. दहा पत्रांसाठी दहा खेपा कराव्या लागत नाहीत. मधल्या काळात एखादे पत्र बदलायचे ठरले तर ट्रेमधूनच बदलता येते.

ऑपरेटिंग सिस्टिमचा ट्रे असाच चालतो. रॅममधली ही जागा सारख्या आकाराच्या पानांत विभागलेली असते. एक पान बहुधा ४,०९६ बाइटांचे. ज्या पानातला मजकूर बदलला आहे पण डिस्कवर गेलेला नाही, त्याला तज्ज्ञांच्या भाषेत 'डर्टी' म्हणजे मळके पान म्हणतात. मजकूर डिस्कवर गेला की पान 'स्वच्छ' ठरते. लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीत दर पाच सेकंदांनी एक फेरी होते आणि ३० सेकंदांहून जुनी मळकी पाने डिस्कवर रवाना केली जातात. म्हणजे 'झाले' हे उत्तर आणि प्रत्यक्ष लेखन यांत अर्ध्या मिनिटाचे अंतर सहज पडू शकते.

वीज जाते तेव्हा: रोजकीर्द आणि खतावणी

या अर्ध्या मिनिटात दोन प्रकारचे अपघात संभवतात. पहिला ओळखीचा: वीज जाते. दुसरा कमी ओळखीचा: वीज आहे, संगणक चालू आहे, पण डिस्क लिहून घेत नाही. पहिल्या अपघातावरचा उपाय आधी पाहू, कारण दुसऱ्याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

फाईलमध्ये चार ओळींची भर घालायची तर डिस्कवर निदान तीन ठिकाणी लिहावे लागते. एक, प्रत्यक्ष मजकूर एखाद्या रिकाम्या खणात. दोन, त्या फाईलची लांबी आणि तिचे खण सांगणारी नोंद. तीन, कोणते खण रिकामे आहेत याची यादी. दुसरे काम झाले आणि तिसरे होण्याआधी वीज गेली, तर तो खण फाईलच्या मालकीचा असूनही यादीत रिकामाच दिसेल. उद्या तोच खण दुसऱ्या फाईलला दिला जाईल आणि दोन्ही फाईली एकमेकींचा मजकूर खराब करतील.

यावरचा उपाय आपल्या व्यापाऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. दुकानदार व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत क्रमाने टिपतो, मग सवडीने खतावणी करतो, म्हणजे ज्या त्या खात्यावर रक्कम चढवतो. खतावणी अर्धवट राहिली तरी बिघडत नाही. रोजकीर्द पाहून ती पुन्हा करता येते. फाईल-व्यवस्थाही हेच करते. डिस्कवर 'जर्नल' नावाचा एक भाग राखून ठेवलेला असतो. होणारे बदल आधी त्यात लिहायचे, शेवटी 'नोंद पूर्ण' अशी खूण करायची, आणि मगच ते मूळ जागी उतरवायचे. वीज जाऊन आली की प्रणाली जर्नल वाचते. पूर्णतेची खूण असलेल्या नोंदी मूळ जागी पुन्हा उतरवते, खूण नसलेल्या सोडून देते.

डेटाबेसच्या क्षेत्रात हा विचार आधी पक्का झाला. जिम ग्रे यांनी व्यवहाराच्या संकल्पनेला शास्त्रीय रूप दिले. त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले सी. मोहन यांनी आयबीएममधील सहकाऱ्यांसह १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली 'एरीज' ही पद्धत आजही या विषयाचा पाया मानली जाते. लिनक्सच्या मुख्य संहितेत जर्नल असलेली 'एक्स्ट-३' ही फाईल-व्यवस्था २००१ साली आली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बहुतेक फाईल-व्यवस्था नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये फक्त आपला हिशेब टिपतात, म्हणजे लांबी, खण, याद्या. फाईलमधला प्रत्यक्ष मजकूर तीत नसतो. घराचा नकाशा शाबूत राहील याची हमी मिळते. कपाटातल्या वस्तूंची जबाबदारी मात्र मालकाचीच, म्हणजे आज्ञावलीची.

पोच मागण्याची सोय

ही जबाबदारी पार पाडण्यासाठी आज्ञावलीला एक साधन दिलेले आहे. त्याचे नाव 'एफसिंक'. त्याचा अर्थ असा: 'या फाईलची सगळी मळकी पाने आत्ताच्या आत्ता डिस्कवर पाठव, आणि ती पोचेपर्यंत मला उत्तर देऊ नकोस.' आपल्या उदाहरणात मुख्याध्यापक कारकुनाला म्हणतात, "ट्रे रिकामा करा, आणि सगळं पोचलं की सांगा. मी थांबतो." बँकेच्या खात्यातून पैसे वळते करणारी आज्ञावली ग्राहकाला 'व्यवहार पूर्ण' असे सांगण्यापूर्वी एफसिंककडून अशी पोच घेते.

आता दुसरा अपघात. डिस्कने नकार देण्याची कारणे अनेक. तबकडीवरचा एखादा भाग निकामी होतो. असे काही भाग डिस्क स्वतःच राखीव जागेने बदलते, पण राखीव जागाही संपू शकते. जोडणीची तार सैल होते. कोणी मध्येच पेन ड्राइव्ह ओढून काढतो. डिस्क दुसऱ्या इमारतीत असेल तर वाटेतले जाळे बंद पडते. मोठ्या संस्थांत साठवण-यंत्रणा प्रत्यक्षात असलेल्या जागेपेक्षा अधिक जागा वापरणाऱ्यांना देऊ करते, आणि सगळ्यांनी एकदम मागणी केली की ती अपुरी पडते. अशा वेळी एफसिंक 'अपयश' असे उत्तर देते. येथवर सारे ठीक आहे. प्रश्न पुढचा आहे: अपयश कळल्यावर काय करायचे?

मनात येणारे पहिले उत्तर म्हणजे पुन्हा प्रयत्न करायचा. दार उघडले नाही तर आपण पुन्हा कडी वाजवतो. पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसच्या आज्ञावलीतही हेच लिहिलेले होते.

२०१८ सालचा धक्का

पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा आणि भरवशाबद्दल नावाजलेला मुक्त डेटाबेस आहे. त्याची स्वतःची रोजकीर्द आहे. प्रत्येक बदल आधी तिच्यात लिहून एफसिंकने पक्का केला जातो. मूळ कोष्टकांच्या फाईलींत तो बदल नंतर सवडीने जातो. ठरावीक काळाने पोस्टग्रेस त्या फाईलींवर एफसिंक मागते. 'यशस्वी' असे उत्तर आले की खतावणी पूर्ण झाली असे समजते आणि रोजकीर्दीची जुनी पाने रद्द करते. ती पाने कायम ठेवली तर डिस्क भरून जाईल, म्हणून हे आवश्यकच असते.

एफसिंकने अपयश कळवले तर पोस्टग्रेस थोड्या वेळाने पुन्हा एफसिंक मागत असे. यामागचे गृहीत असे की जी पाने लिहिली गेली नाहीत, ती मळकीच राहिली असतील आणि दुसऱ्या खेपेस ती पुन्हा पाठवली जातील.

मार्च २०१८ मध्ये क्रेग रिंगर या विकसकाने सहकाऱ्यांपुढे मांडले की लिनक्सवर तसे घडत नाही. लेखन फसल्यावर लिनक्स ते पान मळके ठेवत नाही. त्यावर 'स्वच्छ' अशी खूण करते. अपयशाची बातमी एकदा दिली की तीही पुसली जाते. दुसऱ्या खेपेस एफसिंक मागितले की प्रणाली पाहते: मळके पान एकही नाही, नोंदलेली चूकही नाही. म्हणून उत्तर देते, 'यशस्वी'.

आपल्या कार्यालयात हे असे दिसेल. शिपाई एक पत्र पोचवू शकला नाही. कारकुनाने मुख्याध्यापकांना तसे एकदा सांगितले आणि पत्र ट्रेमधून काढून टाकले. तासाभराने मुख्याध्यापक विचारतात, "आता ट्रेमध्ये काही उरलंय का?" कारकून म्हणतो, "नाही, सर. ट्रे रिकामा आहे." यात एकही शब्द खोटा नाही. पण पत्र पोचलेले नाही. आणि मुख्याध्यापकांनी त्या उत्तरावर विसंबून पत्राची स्थळप्रतही फाडून टाकली.

पोस्टग्रेसच्या बाबतीत स्थळप्रत म्हणजे रोजकीर्द. दुसऱ्या खेपेच्या 'यशस्वी'वर विश्वास ठेवून ती रद्द केली जाई, आणि बदल कायमचा नाहीसा होई. कोठे घंटा वाजत नसे की दिवा लागत नसे. कित्येक दिवसांनी कोणी ते खाते उघडील, तेव्हा जुनी शिल्लक दिसेल.

यात आणखी एक गुंता होता. एकच फाईल अनेक आज्ञावल्या उघडू शकतात. अपयशाची बातमी पूर्वी, जो पहिल्यांदा विचारील त्यालाच मिळे. भलत्याच आज्ञावलीने आधी विचारले तर खऱ्या मालकाला ती कळतच नसे. २०१७ च्या सप्टेंबरात आलेल्या लिनक्सच्या ४.१३ या आवृत्तीत ही उणीव बरीच भरून काढली गेली: ज्या ज्या आज्ञावलीने फाईल त्या वेळी उघडलेली आहे, त्या प्रत्येकीला अपयश एकदा तरी कळते. पण 'एकदा तरी' म्हणजे 'एकदाच'. पुन्हा विचारल्यावर मिळणारे उत्तर पूर्वीसारखेच फसवे राहिले.

लिनक्सचे म्हणणे

असे वर्तन कोणी ठेवलेच कसे, असा प्रश्न विद्यार्थी नक्की विचारतील. त्याचे उत्तर विचार करण्याजोगे आहे.

समजा, पेन ड्राइव्हवर एक मोठी फाईल उतरवली जात आहे. शेकडो मेगाबाइटांची पाने मळकी आहेत, आणि कोणी पेन ड्राइव्ह ओढून खिशात घालून निघून गेला. ही पाने आता कधीच लिहिली जाणार नाहीत. ती मळकी ठेवायची तर किती काळ? मळके पान रॅममधून काढता येत नाही. असे चार-पाच वेळा झाले की सगळी रॅम या निराधार पानांनी भरेल आणि संगणकावरची बाकीची कामेही ठप्प होतील. एका फाईलच्या मालकाला पुन्हा प्रयत्न करता यावा म्हणून सर्वांनाच का वेठीस धरायचे? त्यापेक्षा अपयश कळवावे आणि पान मोकळे करावे, हा लिनक्सच्या विकसकांचा विचार होता. तो अविचार नव्हता. फ्रीबीएसडी या प्रणालीने दुसरी वाट धरली आहे: ती फसलेली पाने मळकीच ठेवते आणि पुन्हा प्रयत्न करते.

म्हणजे दोष केवळ एका बाजूचा नव्हता. एफसिंकचा करार 'यश' या शब्दाचा अर्थ नीट सांगत होता; 'अपयश' आल्यावर पानांचे काय होईल, याविषयी मात्र त्यात स्पष्टता नव्हती. दोन्ही बाजूंनी मोकळी जागा आपापल्या समजुतीने भरली. दोघेही आपापल्या परीने सावध होते, आणि तरीही दोघांच्या मधल्या फटीतून माहिती निसटत होती.

थांबणे हाच उपाय

पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ मधील आवृत्त्यांत जो उपाय केला, तो ऐकायला विचित्र वाटतो. एफसिंकने अपयश कळवले की पोस्टग्रेस आता पुन्हा प्रयत्न करत नाही. ती जाणूनबुजून कोसळते. सगळे काम जागच्या जागी थांबवते, पुन्हा सुरू होते आणि रोजकीर्दीवरून सारे बदल नव्याने लिहून काढते.

कारण असे की अपयशानंतर रॅममधल्या पानांवर विश्वास ठेवता येत नाही. ती काय दाखवतात आणि डिस्कवर काय आहे, यांचा मेळ तुटलेला असतो. खात्रीची वस्तू एकच उरते, ती म्हणजे पूर्वी एफसिंकने पक्की केलेली रोजकीर्द. शंकास्पद अवस्थेत पुढे जाण्यापेक्षा शेवटच्या खात्रीच्या जागी परतणे बरे. मायएसक्यूएल आणि मोंगोडीबी यांच्या आज्ञावल्यांतही याच धर्तीचे बदल झाले.

फाईल-व्यवस्थाही स्वतःच्या बाबतीत हेच तत्त्व पाळतात. जर्नलमध्येच लिहिता येईनासे झाले तर एक्स्ट-४ ही व्यवस्था लेखन बंद करते आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती खुली ठेवते. वापरणाऱ्याला राग येतो, पण उरलेली माहिती वाचते.

प्रश्न येथे संपला का? नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील संशोधकांनी २०२० साली एक तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी एक्स्ट-४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या तीन फाईल-व्यवस्थांत मुद्दाम लेखन फसवले आणि परिणाम पाहिले. तिन्ही व्यवस्था फसलेल्या पानाला 'स्वच्छ' ठरवत होत्या. पण पानातल्या मजकुराच्या बाबतीत फरक होता. पहिल्या दोन व्यवस्था रॅममध्ये नवा मजकूर तसाच ठेवत. तिसरी जुना मजकूर परत आणे. म्हणजे पहिल्या दोन ठिकाणी आज्ञावलीने खात्रीसाठी फाईल वाचून पाहिली, तर तिला नवा मजकूर दिसेल, कारण तो रॅममधून येतो. डिस्कवर मात्र जुनाच असेल! त्यांनी पाच प्रसिद्ध आज्ञावल्याही तपासल्या. त्यांच्या युक्त्या निरनिराळ्या होत्या, पण एकही पुरेशी ठरली नाही. नुसती आज्ञावली पुन्हा सुरू करणेही नेहमी पुरत नाही, कारण रॅममधली फसवी पाने तशीच शिल्लक असू शकतात. खरी खात्री हवी तर रॅम ओलांडून थेट डिस्कवरून वाचले पाहिजे.

याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली लिनक्सच्या फाईल-व्यवस्थांची संहिता तपासली होती. अपयशाचा संदेश हातात आल्यावर त्याकडे न पाहताच पुढे जाणारी १,१५३ ठिकाणे त्यांना सापडली, म्हणजे तपासलेल्यांपैकी १३ टक्के. वाचनाच्या चुकांपेक्षा लेखनाच्या चुकांकडे अधिक दुर्लक्ष होते, हेही त्यांनी नोंदवले. याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. वाचायला मागितलेले मिळाले नाही तर लगेच अडते. लिहायला दिलेले पोचले नाही तर आज काहीच अडत नाही.

सुरक्षित लेखनाचे पाच नियम

या सगळ्यातून आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी पाच नियम निघतात. संगणकाचा विषय घेतलेल्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर ध्यानात ठेवावेत.

१. प्रत्येक पायरीचे उत्तर तपासा. लिहिण्याची आज्ञा कधी कधी मागितल्यापेक्षा कमी बाइट लिहून परतते. जाळ्यावरच्या डिस्कवरील अपयश कधी फाईल बंद करताना कळते. पोच हातात घेऊन ती न वाचणे म्हणजे पोच न घेण्यासारखेच.

२. जुने पुसण्याआधी नवे पक्के करा. फाईल बदलायची असेल तर तिच्यावरच लिहू नका. त्याच ठिकाणी वेगळ्या नावाची नवी फाईल लिहा, एफसिंकने पक्की करा, आणि मगच तिला जुन्या फाईलचे नाव द्या. नावाची अदलाबदल एका झटक्यात होते: वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाईल दिसते, नाही तर पूर्ण नवी. शेवटी ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावरही एफसिंक मागा. वाटेत कोठेही अपयश आले तरी जुनी प्रत शाबूत राहते. हातचे सोडून पळत्यामागे लागू नये, हे येथेही खरे.

३. अपयशानंतर नुसती पुन्हा पोच मागू नका. मूळ मजकूर हाती घेऊन तो नव्या जागी नव्याने लिहा.

४. खात्री नसेल तर थांबा, आणि मोठ्याने सांगा. बंद पडलेली यंत्रणा दुरुस्त होते. चुकीच्या नोंदींवर महिनाभर चाललेली यंत्रणा सावरणे फार कठीण.

५. वाचून पडताळा. डिस्कने 'लिहिले' म्हटले तरी ते बरोबर लिहिले गेले असेलच असे नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख ३० हजार डिस्का ४१ महिने पाहण्यात आल्या. त्यांत पडताळा न जुळण्याचे चार लाखांहून अधिक प्रसंग आढळले. म्हणून झेडएफएससारख्या फाईल-व्यवस्था प्रत्येक खणाचा पडताळा-अंक ठेवतात आणि वाचताना तो जुळतो का ते पाहतात. आधार क्रमांकातला बारावा अंकही अशाच पडताळ्यासाठी असतो. वर्गात हे उदाहरण देता येईल.

वर्गात करून पाहण्यासारखे

लिनक्स असलेला एखादा संगणक उपलब्ध असेल तर एक सोपा प्रयोग करता येतो. 'प्रॉक' या फोल्डरमध्ये 'मेमइन्फो' नावाची फाईल असते. तिच्यात 'डर्टी' अशी एक ओळ आढळेल. तिच्यापुढचा आकडा म्हणजे त्या क्षणी रॅममध्ये अडकलेली मळकी पाने, किलोबाइटांत. तो टिपून घ्या. आता काही शे मेगाबाइटांची फाईल पेन ड्राइव्हवर उतरवा आणि आकडा पुन्हा पाहा. तो एकदम वाढलेला दिसेल. फाईल उतरल्याचे संगणक सांगेल तेव्हाही तो बराच मोठा असू शकतो. मग 'सिंक' ही आज्ञा द्या. ती परत येईपर्यंत किती सेकंद लागले ते मोजा आणि आकडा तिसऱ्यांदा पाहा. 'झाले' आणि 'खरोखर झाले' यांमधले अंतर विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसेल. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी तो सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा का द्यायची, हे मग वेगळे समजावावे लागणार नाही.

शाळेच्या कामातही हे नियम लागू पडतात. निकालपत्रकाची एकुलती एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवू नये. नवी प्रत दुसरीकडे उतरवल्यावर पेन ड्राइव्ह काढून पुन्हा जोडावा किंवा दुसऱ्या संगणकावर लावावा, फाईल उघडून पाहावी आणि मगच जुनी पुसावी. त्याच संगणकावर लगेच उघडली तर ती रॅममधूनही दिसू शकते, हे आपण वर पाहिलेच. दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात, कारण एका डिस्कवरच्या दोन प्रती डिस्कबरोबरच जातात.

कोणतेही यंत्र कधी ना कधी नकार देणार. तो टाळता येत नाही आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही. नकार आल्याचे स्पष्ट सांगावे, ते ज्याला कळायला हवे त्याच्यापर्यंत पोचवावे, आणि तो येईतो स्थळप्रत फाडू नये, एवढे मात्र यंत्र घडवणाऱ्यांच्या हाती आहे. २०१८ साली पोस्टग्रेसमध्ये उणीव सापडली ती लेखन फसल्यामुळे नव्हे, तर फसल्याची आठवण पुसली गेल्यामुळे. पाठ न झालेला धडा विद्यार्थ्याने पहिल्यांदा 'आला नाही' म्हणून सांगितला, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर नुसती मान डोलावली, तर आपण त्याला 'येतो' असे समजत नाही. पुन्हा म्हणून घेतो. संगणकालाही तसेच पुन्हा म्हणायला लावले पाहिजे.